'ध' निर्दोष नव्हता

कुणी आपलं बोलणं फिरवून भलताच अर्थ काढला, की आपण मराठीत म्हणतो, "यानं ध चा मा केला." ऑफिसच्या मेलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कुठेही हा वाक्प्रचार चालतो. तो वापरताना आपण एका खुनाचा उल्लेख करतोय आणि त्या खुनातला गुन्हेगारही ठरवून टाकतोय, हे कुणाच्या मनातही येत नाही.

खून नारायणराव पेशव्याचा. तारीख ३० ऑगस्ट १७७३, जागा पुण्याचा शनिवारवाडा. गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. नारायणरावाचा काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच कैदेत होता. त्यानं गारद्यांना लिहून दिलं, 'नारायणरावास धरावे.' त्याची बायको आनंदीबाई हिनं गुपचूप 'ध'चा 'मा' केला. 'धरावे'चं झालं 'मारावे'. गारद्यांनी हुकूम पाळला. नवऱ्याला फक्त सत्ता हवी होती, बायकोला रक्त हवं होतं. संपली गोष्ट.

इतकी घट्ट बांधलेली गोष्ट दिसली की मला जरा संशय येतो. एका अक्षरात गुन्हा, एका माणसात गुन्हेगार आणि बाकी सगळे मोकळे. म्हणून हा लेख. आनंदीबाईला निर्दोष ठरवण्यासाठी मी तो लिहीत नाहीये. मला त्या पहिल्या 'ध'कडे नीट बघायचंय.

बारा वर्षांची भूक

रघुनाथराव हा पहिल्या बाजीरावाचा मुलगा आणि नानासाहेब पेशव्याचा धाकटा भाऊ. १७५८मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्या मोहिमेचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. माणूस शूर होता, पण हिशेबाला कच्चा आणि कानाला हलका अशी त्याची ख्याती. १७६१मध्ये पानिपत झालं, पाठोपाठ नानासाहेब गेला आणि पेशवेपद मिळालं सोळा वर्षांच्या माधवरावाला. अटकेपर्यंत जाऊन आलेल्या काकाला पुतण्याच्या हाताखाली बसायचं होतं. ते त्याला कधीच जमलं नाही.

१७६२मध्ये तो निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून गेला. आळेगावला माधवरावानं माघार घेतली आणि राज्य फुटू नये म्हणून स्वतःहून काकाच्या स्वाधीन झाला. काही काळ सगळा कारभार काकाच्या हातात होता. पुढे माधवरावानं सूत्रं परत आपल्याकडे घेतली. मग काकाची वाटणीची मागणी, रुसवे-फुगवे, पुन्हा फौजा गोळा करणं. शेवटी १७६८मध्ये धोडपच्या लढाईत माधवरावानं त्याचा पराभव केला आणि त्याला शनिवारवाड्यात आणून नजरकैदेत ठेवलं.

१८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला माधवराव क्षयानं गेला. जाण्यापूर्वी त्यानं काका आणि धाकटा भाऊ नारायणराव यांच्यात समेट करायचा प्रयत्न केला. नारायणराव तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो पेशवा झाला. काका थोडा मोकळा झाला, पण काही महिन्यांतच दोघांचं पुन्हा बिनसलं आणि पहारा आधीपेक्षा कडक झाला.

या सगळ्या वर्षांत रघुनाथरावाला सत्तेची इच्छा 'लावून द्यायला' कुणी लागलं होतं का? आळेगावला निजामाशी हातमिळवणी करणारा, धोडपला तोफा लावणारा माणूस बायकोच्या टोचणीवर चालत होता असं म्हणायचं, तर मग त्याच्या अटकेच्या स्वारीचं श्रेयही बायकोलाच द्यावं लागेल. पराक्रम त्याचे स्वतःचे आणि पापं मात्र बायकोनं करवून घेतलेली, असा हिशेब आपण इतिहासात फार सहज मांडतो.

त्या दुपारी

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. गणपतीचे दिवस. वाड्यात काहीतरी शिजतंय अशी कुणकुण नारायणरावाला सकाळीच लागली होती. त्यानं हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलंही. हरिपंत जेवायला गेले आणि बंदोबस्त राहून गेला.

दुपारी गारदी वाड्यात घुसले. गारदी म्हणजे कवायती पायदळ, पगारी शिपाई. त्यांच्यातलेच काही वाड्याच्या पहाऱ्यावर असत. पगार थकला म्हणून आरडाओरडा करत ते आत आले. पुढे सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ, आणि सोबत रघुनाथरावाचा माणूस तुळाजी पवार. नारायणराव पळत काकाच्या दालनात गेला आणि त्याला मिठी मारली. "काका, मला वाचवा" हे त्याचे शब्द पुढे इतके पसरले की आज यूट्यूबवर पुण्यातल्या झपाटलेल्या जागांचा कुठलाही व्हिडिओ लावा, अमावास्या-पौर्णिमेला ऐकू येणारी ती हाक असतेच. काकानं वाचवलं नाही. धन्यावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकर नावाचा हुजऱ्या त्याच्यासोबतच कापला गेला. वाड्यातली आणखीही माणसं मेली. नारायणरावाला अठरावं पूर्ण होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

'ध चा मा'ची गोष्ट सांगताना आपण हा प्रसंग विसरतो. समजा, कागदावर खरोखर 'धरावे' होतं आणि खाडाखोड रघुनाथरावाला ठाऊक नव्हती. तरी एक क्षण असा आला की कागद संपला होता. पुतण्या प्रत्यक्ष कमरेला मिठी मारून उभा होता आणि समोर ज्यांना आपण हुकूम दिला ते तलवारी घेऊन उभे होते. तिथे कुठलंही अक्षर मध्ये नव्हतं.

अक्षराची चौकशी

आता कागदाकडे येऊ.

पहिली गोष्ट अगदी साधी. 'ध'ला काना नाही, 'मा'ला आहे. म्हणजे 'धरावे'चं 'मारावे' करायला एक अक्षर बदलून भागत नाही, शेजारी काना घुसवायला जागाही लागते. त्या काळचे कागद मोडीत असत. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता सलग लिहीत जायचं. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत नाही. असा बदल अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण 'एक फराटा मारला आणि इतिहास बदलला' हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं करायला नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही कथा आपल्यापर्यंत आली कशी? तिला वजन मिळालं ते जेम्स ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासामुळे. हा ब्रिटिश अधिकारी १८१८नंतर साताऱ्याला होता, आणि त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १८२६मध्ये छापला गेला. त्यानं सांगितलेली हकिकत थोडक्यात अशी: न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावाला थेट जाब विचारला. तेव्हा त्यानं कबूल केलं, की मी पकडायचा हुकूम दिला होता, मारायचा नाही. पुढे मूळ कागद मिळाला, त्यात शब्द बदललेला दिसला आणि हा बदल आनंदीबाईनं केला असा सार्वत्रिक समज आहे.

यातला क्रम बघा. 'मी धरावे लिहिलं होतं' हे पहिल्यांदा कोण म्हणतंय? आरोपी. मोठ्या गुन्ह्यात सापडलेला माणूस लहान गुन्हा कबूल करतो, ही जगातल्या कुठल्याही पोलीस चौकीत रोज घडणारी गोष्ट. आणि बदल कुणी केला याबद्दल काय आहे? समज. ज्या कागदावर एका बाईची अडीचशे वर्षांची बदनामी उभी आहे, तो आपण आज समोर ठेवून तपासू शकत नाही. पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद लाखोंनी आहेत. त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात छापून काढले. पण 'ध चा मा' ही गोष्ट आपण एखाद्या कागदाच्या आधारावर सांगत नाही. ती आपण एकमेकांकडून ऐकून सांगतो.

तिसरी गोष्ट रामशास्त्र्यांची. या चौकशीत पन्नासच्या आसपास लोकांची नावं निघाली. गारदी होतेच, शिवाय कारकून होते, ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठे होते. म्हणजे ही एका शयनगृहात दोन माणसांनी शिजवलेली मसलत नव्हती, मोठा कट होता. आणि रामशास्त्र्यांनी दोषी कुणाला धरलं? रघुनाथरावाला. या पापाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही, असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं, अशी परंपरा आहे. आपण रामशास्त्र्यांच्या निःस्पृहपणाचे गोडवे गातो, निबंध लिहितो, मुलांना धडे देतो. पण त्यांचा निकाल मात्र पाळत नाही. त्यांनी नवऱ्याला दोषी ठरवलं, आपण बायकोला.

धरून पुढे काय?

आता सगळ्यात गैरसोयीचा प्रश्न. समजा 'ध' खरा होता. मग तो हुकूम काय होता?

राज्याच्या प्रमुखाला त्याच्याच घरात, भाडोत्री सशस्त्र शिपायांकरवी पकडायचं. याला आज आपण सत्तापालट म्हणू. आणि पकडून पुढे काय करायचं? नारायणराव जिवंत असेपर्यंत त्याच्या नावानं फौजा गोळा होणार, कारभारी फुटणार, कुणीतरी त्याला सोडवणार. ही गोष्ट त्या वाड्यात एका माणसाला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होती, कारण तो स्वतः पाच वर्षं 'धरलेला' होता. धरलेला माणूस संपत नाही, तो वाट बघत बसतो, हे रघुनाथरावाला स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होतं.

गारद्यांच्या बाजूनंही बघा. पेशव्यावर हात टाकल्यावर तो जिवंत राहिला आणि महिन्याभरानं सुटला, तर पहिली डोकी कुणाची उडणार? त्यांच्यासाठी 'धरावे' हा 'मारावे'पेक्षा जास्त धोक्याचा हुकूम होता. काम अर्धवट सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. ज्यांना पगार हवाय, ज्यांच्या हातात तलवार आहे आणि ज्यांना परतीची वाट नाही, अशा माणसांना 'फक्त धरा' म्हणून सोडलं, तर त्या 'ध'चा 'मा' व्हायला कुणाच्या बोरूची गरज नसते.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एका अक्षराच्या चुकीनं अख्खी सिस्टीम बसली, तर चांगल्या टीममध्ये 'ते अक्षर कुणी टाइप केलं' एवढ्यावर चौकशी थांबत नाही. असा हुकूम चालवायची परवानगी कुणी दिली, मध्ये अडवणारं काहीच का नव्हतं, सकाळी इशारा मिळूनही कुणी हललं का नाही, हे विचारावं लागतं. शनिवारवाड्याला हे सगळे प्रश्न लागू पडतात. 'ध चा मा' ही कथा मात्र त्यातला फक्त पहिला प्रश्न विचारते आणि फाइल बंद करते.

शिवाय माणसाचा हेतू घटनेनंतरच्या वागण्यातून कळतो. आपला हुकूम कुणीतरी बदलला आणि त्यात आपला सख्खा पुतण्या गेला, हे कळल्यावर माणूस काय करेल? गारद्यांना पकडेल, खाडाखोड करणाऱ्याला शोधेल. रघुनाथरावानं गारद्यांशी देण्याघेण्याचा हिशेब मिटवला आणि ऑक्टोबर १७७३मध्ये पेशवेपदाची वस्त्रं घेतली.

गादीची किंमत

ती गादी त्याला पचली नाही. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ला तिला मुलगा झाला. तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवा केलं गेलं आणि रघुनाथराव पळत सुटला.

पळत तो इंग्रजांकडे गेला. ६ मार्च १७७५च्या सुरतेच्या तहात त्यानं अडीच हजार इंग्रजी फौजेच्या मदतीसाठी साष्टी आणि वसई द्यायचं कबूल केलं. वसई म्हणजे १७३९मध्ये त्याच्या सख्ख्या काकानं, चिमाजीअप्पानं, पोर्तुगिजांकडून हजारोंनी माणसं गमावून घेतलेला किल्ला. त्या तहातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १७७९मध्ये वडगावला इंग्रज हरले, १७८२मध्ये सालबाईचा तह झाला. वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. रघुनाथरावाला महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. डिसेंबर १७८३मध्ये तो कोपरगावला वारला.

सुरतेच्या तहात कुणी 'ध'चा 'मा' केला नव्हता. तिथे सही त्याचीच होती.

बाई रंगमंचावर येते

मग आनंदीबाई इतकी मोठी कशी झाली? याचं एक उत्तर नाटकात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मराठी लेखक शेक्सपिअर वाचत होते, रूपांतरं करत होते. शि. म. परांजप्यांनी 'मॅकबेथ'चं 'मानाजीराव' केलं. आणि १९०९मध्ये कृ. प्र. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' आलं, ज्यात राघोबा, आनंदीबाई आणि रामशास्त्री समोरासमोर उभे राहिले. त्यातली आनंदीबाई बघून लेडी मॅकबेथ आठवल्याशिवाय राहत नाही. १९४४मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' आला आणि त्यात आनंदीबाई होती ललिता पवार. त्यानंतर बहुतेक मराठी माणसांच्या डोक्यात आनंदीबाईला चेहरा मिळाला, आणि तो चेहरा खलनायिकेचा होता.

गंमत अशी, की खुद्द लेडी मॅकबेथच्या बाबतीतही हेच झालेलं आहे. अकराव्या शतकातल्या खऱ्या मॅकबेथनं डंकन राजाला पाहुणा म्हणून बोलावून झोपेत मारलं नव्हतं. १०४०मध्ये डंकन रणात पडला आणि मॅकबेथनं पुढे सतरा वर्षं राज्य केलं. त्याच्या बायकोचं नाव ग्रुओख. तिची खात्रीलायक खूण म्हणजे नवऱ्यासोबत एका मठाला जमीन दान दिल्याची नोंद. नवऱ्याला खुनाला उद्युक्त करणारी बायको शतकांनंतरच्या इतिहासग्रंथांतून वर आली. शेक्सपिअरनं ती उचलली, शिवाय त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका राजाच्या खुनाची हकिकत तिला जोडली आणि १६०६च्या सुमारास तिला अजरामर केलं. माणसं मरून गेल्यावर कथा नीटनेटकी करायची वेळ येते, तेव्हा दोन्हीकडे एक बाई सोयीची ठरली.

सोय कुणाची, हेही बघण्यासारखं आहे. रघुनाथरावाची तर होतीच. पण त्या पन्नास लोकांची, त्यांच्या घराण्यांचीही झाली. नंतरच्या आपल्यासारख्यांचीही होते. अटकेपार गेलेला आपला वीर पुतण्याचा खुनी होता हे गिळणं जड जातं. तो बायकोच्या नादानं बिघडला हे सहज गिळता येतं. आजही एखाद्या नेत्याचा किंवा साहेबाचा घोटाळा बाहेर आला, की चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "माणूस चांगला होता हो, बायकोची हाव नडली."

जी उरते ती

खरी आनंदीबाई गुहागरकडच्या ओकांची मुलगी. लहानपणी लग्न होऊन पेशव्यांच्या घरात आली. ती महत्त्वाकांक्षी असेल, नवऱ्याला पेशवा झालेलं बघायची तिची इच्छा असेल, कटाची तिला माहिती असेल. हे सगळं शक्य आहे. सत्तेच्या घरात राहणाऱ्या बाईला सत्ता नको असते असं मानणं म्हणजे तिला देव्हाऱ्यात बसवून पुन्हा मुकं करणं. पण शक्य असणं आणि सिद्ध असणं यांत फरक आहे, आणि नवऱ्याच्या बाबतीत आपण तो फरक फार काळजीनं पाळत आलो आहोत.

खुनाच्या वेळी तिचा मुलगा बाजीराव जन्मालाही आला नव्हता. नवरा पळत असताना तिला धारच्या किल्ल्यात मागे ठेवलं गेलं आणि जानेवारी १७७५मध्ये तिथेच तो जन्मला. नवरा गेल्यावर तीन-चार महिन्यांनी दुसरा मुलगा चिमाजी झाला. उरलेली वर्षं तिनं पुण्याच्या कारभाऱ्यांच्या नजरेखाली काढली. १७९४मध्ये ती नाशिकजवळ आनंदवल्लीला वारली. आज ती जागा नाशिकच्या गंगापूर रोडवर, शहरातच आहे. दोन वर्षांनी, १७९६मध्ये, तिचा मुलगा पेशवा झाला, आणि १८१८मध्ये त्यानंच पेशवाई इंग्रजांच्या स्वाधीन केली.

वाक्प्रचार बंद करा असं मी म्हणत नाही. भाषा अशी बंद होत नाही, आणि 'ध चा मा' इतका नेमका शब्दप्रयोग दुसरा सापडणारही नाही. फक्त पुढच्या वेळी तो तोंडात आला, तर मूळ वाक्य पूर्ण आठवून बघा. त्यात अठरा वर्षांच्या पोराच्या घरात तलवारी घेतलेली माणसं पाठवायचा हुकूम होता, आणि तो लिहिताना हात कुणाचा होता याबद्दल कुणाचाच वाद नाही. खुद्द लिहिणाऱ्यानंही तेवढं नाकारलं नव्हतं.